घरी शिकणाऱ्या मुलांना लेखन-व्याकरणाचं कितवीचं पुस्तक द्यावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोरला मुलगा १० वर्षांचा. तिसरीपर्यंत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होता, गेलं दीड वर्ष घोडबंदर रोडवरच्या तुमच्या घरीच शिकतो. इंग्रजी जाडजूड पुस्तकं वाचतो, बोलायला लागला की थांबत नाही, पण लिहायला बसवलं की दोन ओळी लिहून पेन्सिल खाली ठेवतो. त्याच्या वयाकडे बघून तुम्ही इंग्रजी लेखन-व्याकरणाचा परदेशी संच मागवला, लेव्हल ४, आणि दुसऱ्याच आठवड्यात रडारड सुरू झाली. मराठीसाठी बालभारतीचं पाचवीचं पुस्तक आणलं, तेही पुढे सरकत नाही. सात वर्षांची धाकटी मात्र पानंच्या पानं गोष्टी लिहिते आणि त्यात एक शब्द धड नसतो. दोघांना कितवीचं द्यावं, व्याकरण कधी सुरू करावं आणि एवढे पैसे घालून घेतलेल्या संचाचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी ठाण्यातल्या एका शाळेत २१ वर्षं मराठी आणि इंग्रजी शिकवलं. गेली ९ वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरी शिकणाऱ्या मुलांसोबत काम करते आहे. हा प्रश्न मला दर जून महिन्यात कुणी ना कुणी विचारतं, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्या आईच्या हातात एक महागडं पुस्तक असतं आणि मनात अपराधीपणा. तो अपराधीपणा आधी काढून टाका. मुलाचं काही चुकलेलं नाही, तुमचंही नाही.

अडचण अशी आहे, की आपण मुलाची पातळी शोधत बसतो, आणि मुलाला एक पातळी नसतेच. तुमचा थोरला वाचनात त्याच्या वयाच्या दोन पावलं पुढे असेल, बोलण्यात वयाइतका असेल, आणि त्याचा हात अजून दुसरी-तिसरीत असेल. शब्द बरोबर लिहिणं ही आणखी वेगळी गोष्ट, डोक्यातला विचार वाक्यात बसवणं ही त्याहून वेगळी. लेव्हल ४ चं पुस्तक या सगळ्या गोष्टी एकदमच तिथवर पोचल्या आहेत असं धरून चालतं. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात आम्हालाही तसं धरूनच चालावं लागायचं, दुसरा उपायच नव्हता. घरी तुमच्यासमोर दोनच मुलं आहेत, ती सक्ती तुमच्यावर नाही.

त्यात लेव्हलचा आकडा म्हणजे इयत्ता नव्हे. एका प्रकाशकाची लेव्हल १ सहा वर्षांच्या मुलासाठी असते, दुसऱ्याची आठ-नऊ वर्षांच्या. शिवाय हे संच ज्या घरात दिवसभर इंग्रजीच कानावर पडतं त्या घरातल्या मुलांसाठी लिहिलेले असतात. ‘यातलं कोणतं वाक्य कानाला बरोबर वाटतं?’ असा प्रश्न तिथे जागोजागी येतो. आपल्या मुलाच्या कानात ‘त्याने मला सांगितलं’ घुमत असतं, म्हणून ‘ही टोल्ड टू मी’ त्याला अगदी बरोबर वाटतं. ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचं हे त्याला कान सांगूच शकत नाही, कारण मराठीत तसलं काही नाहीच. ते त्याला वेगळं शिकवावं लागतं, आणि त्या संचात ते शिकवलेलं नसतं.

मराठीतही असाच एक घोटाळा होतो. बालभारतीची एकाच इयत्तेची मराठीची दोन पुस्तकं असतात. मराठी माध्यमासाठी ‘बालभारती’ आणि इतर माध्यमांसाठी ‘सुलभभारती’. नववी-दहावीला तीच ‘कुमारभारती’ आणि ‘अक्षरभारती’ होतात. तुम्ही पाचवीचं ‘बालभारती’ आणलंत. ते पुस्तक ज्या मुलाने चार वर्षं रोज मराठीत लिहिलंय त्याच्यासाठी आहे. तुमच्या मुलाने शाळेत मराठी लिहिलं ते आठवड्यातले काही तास.

आता काय करायचं ते सांगते. नवीन काही विकत घेण्याआधी तीन-चार दिवस द्या, रोज पंधरा-वीस मिनिटं.

पहिल्या दिवशी त्याला काहीतरी सांगायला लावा. विषय साधा आणि त्याने डोळ्यांनी बघितलेला हवा: जांभळी नाक्याच्या बाजारात काल काय झालं, किंवा खाडीवर रोहित पक्षी बघायला गेलो तेव्हा काय दिसलं. ‘माझा आवडता सण’ देऊ नका, ती वाक्यं मुलं पाठ करून येतात. फोनवर रेकॉर्ड करा आणि रात्री जसंच्या तसं उतरवून काढा. दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर त्याला लिहायला सांगा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, मध्ये एकही चूक दाखवायची नाही. तिसऱ्या दिवशी श्रुतलेखन: तिसरीच्या पुस्तकातल्या पाच-सहा ओळी तुम्ही सावकाश सांगा, त्याने लिहायच्या. चौथ्या दिवशी त्याच ओळी समोर ठेवून बघून लिहायला सांगा, म्हणजे अनुलेखन, आणि पाच मिनिटांत किती ओळी होतात ते मोजा. जमलं तर त्याच पानाचं मोठ्याने वाचनही घ्या. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या, लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत असं उद्दिष्ट आहे. इंग्रजी धडाधड वाचणारं मूल मराठी वाचताना या आकड्याच्या खाली असतं, हे मी अनेकदा पाहिलंय. वाचनच अडखळत असेल तर लेखनाचं पुस्तक कोणतंही आणा, चालायचं नाही.

मग चारही कागद शेजारी-शेजारी मांडा. तोंडी वीस वाक्यं आली आणि लेखी दोनच, तर डोकं व्यवस्थित चाललंय, अडतंय कुठेतरी खाली. बघून लिहितानाही हात रखडत असेल तर हातच अडतोय. बघून भराभर लिहितो पण श्रुतलेखनात शब्द मोडतात, तर अडचण शब्दांच्या लेखनाची आहे. प्रत्येक शब्दापाशी ‘ही वेलांटी कोणती’ म्हणून थांबणारं मूल वाक्याचा शेवट विसरतं. श्रुतलेखनही चांगलं आणि तरी स्वतःचं लिहिताना दोनच ओळी, तर त्याला काय लिहावं आणि वाक्य कसं उभं करावं हेच सुचत नाहीये. आणि तोंडीही चारच वाक्यं आली, तर महिनाभर लिहिणं बाजूला ठेवून नुसत्या गप्पा मारा, गोष्टी ऐकवा आणि त्या पुन्हा सांगायला लावा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, थोरल्याचा हात आणि शब्द दोन्ही मागे आहेत, डोकं पुढे आहे. तसं निघालं तर त्याचं काम दोन भागांत तोडा. हाताचं काम खालच्या इयत्तेचं, रोज दहा मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही: मराठी दुरेघी वहीत, इंग्रजी चाररेघीत, एक दिवस बघून, एक दिवस ऐकून. डोक्याचं काम मात्र त्याच्या वयाचंच: तो सांगणार, तुम्ही लिहून घेणार, आणि त्यातली पहिली तीन वाक्यं तो स्वतःच्या अक्षरात उतरवणार. पुढच्या महिन्यात तीनाची पाच करा. स्वतःचंच वाक्य असल्यामुळे मुलं ते उतरवायला कुरकुरत नाहीत.

मराठीला त्याच्यासाठी मी पाचवीच्या ‘सुलभभारती’पेक्षा तिसरीचं ‘बालभारती’ घेईन, कारण घरात मराठी असल्यामुळे त्याचा कान पक्का आहे, मागे आहे ते लिहिणं. पण दहा वर्षांच्या मुलासमोर तिसरीचं पुस्तक ठेवलं की त्याचा चेहरा पडतो, आणि तो पडणं रास्त आहे. म्हणून पुस्तक तुमच्या हातात ठेवा, जोडाक्षरं आणि शब्द कोणत्या क्रमाने घ्यायचे ते त्यातून बघा, आणि उतारे दुसरीकडून आणा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफही बालभारतीच्या साइटवर मोफत आहेत, त्यामुळे दोन इयत्ता ताडून बघायला पैसे लागत नाहीत. स्टेशनजवळ जाणं होत असेल तर मुलांना मराठी ग्रंथ संग्रहालयात घेऊन जा. १८९३ पासूनची संस्था आहे, आणि एवढी मराठी पुस्तकं एका ठिकाणी बघणं हाही घरी शिकणाऱ्या मुलासाठी धडाच असतो.

इंग्रजीच्या पुस्तकाची लेव्हल ठरवायला माझा ठोकताळा असा: पहिल्या दोन-तीन पानांवरचं काम मुलाने तुमच्या मदतीशिवाय करावं आणि दहातली एखाद-दुसरी चूक व्हावी. एकही झाली नाही तर पुढचं पुस्तक बघा, चार-पाच झाल्या तर मागचं. मागचं घ्यायला लाजू नका. योग्य जागी बसलेलं मूल दोन लेव्हल एका वर्षात पार करतं, चुकीच्या जागी बसलेलं वर्षभर तिथेच रडतं. आणि नातेवाईक हमखास सुचवतील ते ‘रेन अँड मार्टिन’ आत्ता नको. त्याच्या नावातच हायस्कूल आहे.

आता धाकटीबद्दल, आणि हे मी हात जोडून सांगते. तिच्या गोष्टींवर लाल पेन चालवू नका. सात वर्षांचं मूल पानभर आपणहून लिहितंय, ही चीज नंतर क्लास लावून मिळत नाही. तिच्या गोष्टींची वही वेगळी आणि शुद्धलेखनाची वही वेगळी. गोष्ट वाचून हसा, पुढे काय झालं विचारा, वही मिटा. मग त्यातल्या चुकांतून एकच जात निवडा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वहीत तेवढीच घ्या. या वयात वेलांटी-उकाराच्या ऱ्हस्व-दीर्घाकडे मी बघतही नाही. अक्षरं गळतात का, काना-मात्रा सुटते का, जोडाक्षर फुटतं का, एवढंच बघते. तिला पुस्तक द्यायचंच असेल तर पहिलीच्या शेवटच्या किंवा दुसरीच्या पहिल्या धड्यांचं श्रुतलेखन पुरे.

आणि व्याकरण? सात वर्षांच्या मुलीला व्याकरण येतं. आज संध्याकाळी तिच्याकडून वाक्यं पूर्ण करून घ्या. ताईने लाडू... ती म्हणेल ‘वळला’. ताईने पोळी... ‘लाटली’. ताईने चार लाडू... ‘वळले’. करणारी ताईच, पण क्रियापद लाडवाप्रमाणे बदलतं, पोळीप्रमाणे बदलतं. हा कर्मणी प्रयोग तिला कुणीही शिकवलेला नाही. त्याचं नाव तिला अकरा-बाराव्या वर्षी सांगितलं तरी चालेल, आणि तेव्हा ते पाच मिनिटांत समजेल.

नाव आधी आणि वापर नंतर, असं केलं की काय होतं हे मी माझ्याच हाताने केलेल्या चुकीतून शिकले. घरी शिकणाऱ्या मुलांबरोबर काम सुरू केलं तेव्हा नेरुळची एक नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे होती. तिच्याकडून मी विभक्तीचे तक्ते, सामान्यरूपाच्या गाळलेल्या जागा, सगळं करून घेतलं. तिला दहापैकी दहा मिळायचे. मी खूश, आई खूश. मग तिने सांगलीच्या आजीला पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकायच्या आधी मला दाखवलं. त्यात होतं: ‘मी दूधात साखर घालत नाही.’ आदल्याच दिवशी तिने ‘दूध – दुधात’ अचूक भरलं होतं. गाळलेली जागा भरणारी आणि आजीला पत्र लिहिणारी जणू दोन वेगळ्या मुली होत्या. तिचे चार महिने मी तक्त्यांत घालवले, ते पत्रांत घालवायला हवे होते.

त्यानंतर मी नियम चुकीच्या मागून आणते. वाशीच्या एका मुलाने ‘पूलाखाली’ लिहिलं. त्याचं बरोबरच होतं एका अर्थी, पूल दीर्घ तर पूलाखाली का नाही? त्याला म्हटलं, पूल एकटा असताना दीर्घ, त्याला काही चिकटलं की ऱ्हस्व. असे आणखी शब्द शोधून आण. आठवडाभरात त्याने वहीचं पान भरलं: फूल–फुलात, मूल–मुलाला, धूर–धुरात, पीठ–पिठात, विहीर–विहिरीत. मग एक दिवस आला तो तोऱ्यातच. ‘शरीर, शरीरात. तुमचा नियम चुकला.’ तेव्हा त्याला सांगितलं, की हा शब्द संस्कृतमधून जसाच्या तसा आलाय, तो आपला दीर्घ सोडत नाही. तत्सम ही संज्ञा त्याला त्या दिवशी मिळाली, आणि ती त्याने स्वतः कमावली होती. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण अठराच आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार. ते तुम्ही स्वतः एकदा वाचून काढा. मुलाला पाठ करायला देऊ नका. त्याच्या वहीत जी चूक तीनदा दिसेल तिचा नियम काढा. हाच तुमचा व्याकरणाचा अभ्यासक्रम, आणि त्याची पातळी कधीच चुकत नाही.

थोरल्याला आणखी एक काम आजपासून द्या, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं: लहान वाक्यं जोडणं. ‘पाऊस आला. आम्ही पळालो. आम्ही रिक्षात बसलो. रिक्षा तलावपाळीला बंद पडली.’ याचं एक वाक्य करायला सांगा, ‘आणि’ न वापरता. माझ्याकडच्या एका मुलाने लिहिलं: ‘पाऊस आल्यावर आम्ही पळत जाऊन रिक्षात बसलो, पण ती तलावपाळीला बंद पडली.’ त्याच्या बहिणीने लिहिलं: ‘पाऊस आल्यावर आम्ही पळत जाऊन तलावपाळीला बंद पडलेल्या रिक्षात बसलो.’ दोघं खो-खो हसली, कारण तिची रिक्षा आधीच बंद पडलेली होती! का बरं बदललं, यावर अर्धा तास वाद झाला. आल्यावर, जाऊन, पडलेल्या ही धातुसाधितं, म्हणजे क्रियापदाच्या धातूपासून बनलेले शब्द. मराठी वाक्य त्यांच्यावर चालतं, आणि इंग्रजी वाचून वाढलेल्या मुलांच्या लेखनात नेमकी तीच कमी असतात. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या संशोधकांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांच्या इंग्रजी लेखनावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले होते. सुटं व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारल्याचं त्यात दिसलं नाही, वाक्यं जोडण्याच्या सरावाने मात्र दिसलं. मराठीत मला रोजच्या कामात तेच दिसतं.

मुलं ‘मी तिला बोलली’, ‘पुस्तक भेटलं नाही’ असं लिहितील. आपल्या ठाण्या-मुंबईच्या रस्त्यावरची ती बोली आहे, तिला अशुद्ध म्हणून हिणवू नका. गोष्टीतल्या पात्राच्या तोंडी ती शोभते. अर्जात किंवा निबंधात ‘म्हणाले’ आणि ‘मिळालं’ लिहायचं, एवढा फरक दहाव्या वर्षी कळतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या तुम्हीच ठरवायच्या. मुलगा पुन्हा शाळेत जाणार असेल तर २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात बोर्ड कोणतंही असो, शाळेत मराठी आहेच, म्हणून मराठी लिहिणं मागे ठेवू नका. मुक्त विद्यालयातून परीक्षा देणार असाल तर घाई नाही. एनआयओएस म्हणजे देशपातळीवरचं राष्ट्रीय मुक्त विद्यालय, त्याच्या ए, बी, सी या पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या आहेत. दहावीला किमान वय १४ लागतं आणि तिथे मराठी विषय घेता येतो. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षा घेतं. त्याच्याकडे चार वर्षं आहेत. परीक्षेचा अभ्यासक्रम बाराव्या वर्षी उघडा, तोवर नको.

एक मात्र लांबवू नका. पाच-सहा महिने रोज दहा मिनिटं नेमाने करूनही हात तसाच रखडत राहिला, अक्षरं उलटी येत राहिली, लिहिताना हात दुखतो असं तो म्हणत राहिला, तर तपासणी करून घ्या. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. तसं काही निघालं तर परीक्षेत सवलती मिळतात, आणि मुख्य म्हणजे मुलाला आपण आळशी नाही हे कळतं.

राहिला तो लेव्हल ४ चा संच. विकू नका, पण थोरल्याच्या नजरेसमोरून उचला आणि माळ्यावर टाका. त्या प्रकाशकाच्या साइटवर लेव्हल २ आणि ३ ची नमुना पानं असतील तर ती त्याच्याकडून करून घ्या आणि माझा दहातल्या एक-दोन चुकांचा ठोकताळा लावा. चार दिवसांचे कागद तयार झाले की श्रुतलेखनात चुकलेले शब्द आणि त्याचं पंधरा मिनिटांचं लेखन मला लिहून पाठवा, जसंच्या तसं, चुकांसकट. मग मराठीचा पहिला महिना कुठून सुरू करायचा ते आपण नेमकं ठरवू.